शेजाऱ्याबद्दल बोला

सरांच्या दारावर सरांच्या नावाची पाटी नव्हती. म्हणजे पाटी होती, चांगली पितळेची होती, दर शनिवारी चिंच लावून घासलेली असायची. पण तिच्यावर लिहिलं होतं, ‘समोर: दातांचे डॉक्टर. वर: शिकवण्या. मागे: लेथ मशीनचे काम.’ नवा पोस्टमन आला की हमखास दातांच्या डॉक्टरांची बेल वाजवून विचारायचा, “इथे राहतं तरी कोण?” डॉक्टर वैतागून म्हणायचे, “एक वेडे गृहस्थ राहतात.” मग सरांची पत्रं बरोबर सरांच्या हातात पडायची.

सर कुठल्या शाळेत नव्हते की कॉलेजात नव्हते. टेलिफोन खात्यात केबलच्या कामाला होते. ठाण्याच्या रस्त्यारस्त्यात जे खड्डे असायचे, त्यात कानाला हेडफोन लावून बसलेला माणूस तुम्ही पाहिला असेल, तर ते बहुधा आमचे सर. मुदतीच्या आधीच नोकरी सोडून ते डोंबिवलीला, पूर्वेला, स्वतःच्या दुमजली इमारतीत येऊन बसले. लग्न केलेलं नव्हतं. तळमजल्याच्या खोल्या लहान उद्योगवाल्यांना भाड्याने द्यायच्या आणि मग त्या बिचाऱ्यांना सुखाने धंदा करू द्यायचा नाही, हा त्यांचा उद्योग. ‘सर’ हे नाव त्यांना कुणी दिलं ठाऊक नाही. ते सतत काहीतरी शिकवायचे म्हणून चिकटलं असावं.

मी त्यांच्याकडे जागा बघायला गेले ती कळव्याहून. ह्यांची ठाण्यातली कंपनी बंद पडली होती. हे तिथे सुपरवायझर. आज उघडेल, उद्या उघडेल करत गेटवर जाऊन बसायचे आणि संध्याकाळी परत यायचे. घरात मी दोन मशिनवर शाळांचे युनिफॉर्म शिवत होते, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकत होत्या. जागा हवी होती आणि लगेच हवी होती. सरांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “क-क-कळव्यात तुमच्या शेजारी को-कोण राहतं?”

मी तेव्हा तरुण होते आणि तापट होते. तापट अजून आहे. मी म्हटलं, “तुम्हाला भाडेकरू मी हवी आहे की माझे शेजारी?”

त्यांनी माझा कळव्याचा पत्ता तेवढा लिहून घेतला. दोन दिवसांनी खालच्या बाई जिन्यात भेटल्या. “अगं, एक गृहस्थ आलेले. तुझ्या मशिनचा त्रास होतो का विचारत होते. मी म्हटलं, होतो, जीव जातो. पण बाई गुणाची आहे हो, माझ्या नातीचं परकर-पोलकं एका दुपारी शिवून दिलं. पोहे खाऊन गेले.” त्या आठवड्यात मला मागची खोली मिळाली. सर म्हणाले, ज्याला आपला त्रास होतो तोसुद्धा आपल्याबद्दल बरं बोलतो, याच्यावर आणखी शिफारस ती काय हवी? लेथवाले बाजूच्या खोलीत सरकले, आणि पितळेच्या पाटीवर एक ओळ वाढली, ‘त्याच्या बाजूला: युनिफॉर्म व एप्रन.’ माझ्या आयुष्यातली पहिली जाहिरात ती.

सरांची जीभ अडायची हे तुमच्या लक्षात आलंच असेल. सकाळी नळाला पाणी यायच्या आधी नुसती खडखड होते आणि मग भस्सकन धार येते, तसं त्यांचं बोलणं. लोक घाईचे. वाक्य पुरं होऊ द्यायचे नाहीत, मधेच शब्द पुरवायचे, आणि तो हटकून चुकीचा असायचा. सर मान हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मी त्यांचं बोलणं इथे सरळच लिहिते आहे. प्रत्येक वाक्याला खडखड लिहीत बसले तर त्यांनाच आवडलं नसतं.

तर, रविवारची बैठक. सकाळी गच्चीवर पत्र्याखाली आम्ही वीस-पंचवीस जण जमायचो. लेथवाले, फरसाणवाले, बॅटऱ्या दुरुस्त करणारे, अंबरनाथचा एक रंगांचा माणूस, टिटवाळ्याहून येणारी मेणबत्तीवाली, आणि ठाण्याच्या कोळीवाड्यातली सुक्या मासळीची एक बाई. नियम एकच. उभं राहायचं आणि शेजारी बसलेल्याच्या धंद्याबद्दल बोलायचं. स्वतःबद्दल एक अक्षर काढलं की सर टेबलावरची पितळी घंटा वाजवायचे. ही घंटा त्यांना फार उपयोगी. बोलायला वेळ लागत असला तरी वाजवायला लागत नव्हता.

पहिल्यांदा आम्ही सगळे हसलो होतो. मग कळलं की शेजाऱ्याबद्दल बोलायचं तर आधी त्याच्या गाळ्यात जाऊन यावं लागतं. तो काय बनवतो, कसं बनवतो, त्याला कसलं गिऱ्हाईक हवं आहे, हे विचारावं लागतं. एका रविवारी लेथवाले आणि कोळीणबाई शेजारी आले. लेथवाले म्हणजे कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य असलेलं घर. ते उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. बाई खालून ओरडल्या, “बोल की रं दादा! मी तुज्या लेथवर बोलले नं? मना तरी त्यातलं काय ठाव होतं?”

“बोंबील...” लेथवाले म्हणाले आणि घाम पुसला. “बाईंचे बोंबील, असं ऐकतो की, स्वच्छ असतात.”

सरांनी घंटा वाजवली. ‘ऐकतो’ चालणार नाही. जाऊन बघून या आणि पुढच्या रविवारी बोला. लेथवाले गेले हो! कोळीवाड्यात जाऊन वाळवणाच्या मांडवात उभे राहून आले. पुढच्या रविवारी त्यांनी जे भाषण केलं, वाळू लागू नये म्हणून बाई काय करतात, पावसाळ्यासाठी माल कसा बांधतात, ते ऐकून टिटवाळ्याच्या मेणबत्तीवालीने तिथल्या तिथे बोंबील सांगितले. वर लेथवाल्यांनी बाईंना मालाच्या पेटीसाठी बिजागऱ्या करून दिल्या. नाक शेवटपर्यंत मुरडलेलंच, पण बिजागऱ्या पक्क्या.

आजकाल ह्याला मोठी इंग्रजी नावं आहेत आणि हॉटेलात टाय लावून शिबिरं होतात. सरांचं म्हणणं साधं होतं. आपलं कौतुक आपण केलं की लोक अर्धं सोडून देतात. शेजाऱ्याने केलं की वर थोडं घालून घेतात.

त्यांच्या बाकी तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरणार नाही. स्टेशनबाहेर लोक जाहिरातीचे कागद वाटतात आणि घेणारे चार पावलांवर टाकतात. सर ते उचलायचे, झटकायचे आणि ज्याची जाहिरात असेल त्याच्या दुकानात नेऊन द्यायचे. “हे तुमचं रस्त्यात पडलं होतं.” दुकानदार चक्रावायचा. समजावून सांगण्याइतका वेळ तो सरांना द्यायचा नाही, आणि सर तेवढ्यावरच समाधानाने निघून यायचे.

पण त्यांची खरी तऱ्हा म्हणजे फोन. वर्षानुवर्षं खड्ड्यात बसून त्यांनी लायनी तपासल्या होत्या. कच्छी व्यापारी कसा बोलतो, मद्रासी मॅनेजर कसा, कोल्हापूरचा पाटील कसा, सगळं कानात भरलेलं. आणि गंमत बघा, दुसऱ्याचा आवाज काढला की सरांची जीभ अडायची नाही. एकदासुद्धा नाही. गाडी रुळावर घातल्यासारखी सुटायची. ते आम्हाला गिऱ्हाईक बनून फोन करायचे. आम्ही फोन कसा उचलतो, नीट बोलतो का, उगाच भाव पाडतो का, नको ती माहिती देतो का, हे तपासायला. मग रविवारी जाहीर पंचनामा. “फरसाणवाल्यांनी कच्छी शेठला चार वेळा ‘हां, बोला’ म्हटलं, पण एकदाही नाव विचारलं नाही.”

ह्याच्यावर एक खेळही होता. फोनवर सरांना ओळखलं आणि तिथल्या तिथे “सर, ओळखलं!” म्हटलं, की त्या रविवारचा चहा सरांचा आणि ओळखणाऱ्याला सगळ्यांच्या टाळ्या. त्यामुळे आमचे कान असे तयार झाले होते की विचारू नका. बॅटरीवाल्याने एकदा खऱ्याखुऱ्या मद्रासी माणसाला “पुरे आता सर, चहा सांगा” असं म्हटलं. तो माणूस पुन्हा फिरकला नाही. आम्ही पोट धरून हसलो. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं आम्ही, पण हसण्यातून शहाणपण कुठे येतं?

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला सरांनी कॉम्प्युटर घेतला. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घातला, आणि आम्हा सगळ्यांचे ई-मेल उघडून द्यायला बसले. फोनची तार त्यात खुपसायची, मग बराच वेळ किरकिर, शिट्ट्या, आणि जोडलं गेलं तर नशीब. आम्हाला ते पत्रच वाटायचं. तिकिटाशिवाय जाणारं. पण सर त्याच्या कुलपाबद्दल फार कडक. कुणी पासवर्ड टाइप करायला बसलं की खोलीतल्या बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. कोळीणबाई म्हणायच्या, “सरांकडं आलं का वर्गाबायेर उभं केल्यावानी वाटतं.”

देवाचं नाव पासवर्ड म्हणून ठेवायला बंदी. “देव सगळ्यांचा असतो,” सर म्हणायचे. मुलाबाळांची नावंही नाहीत, ती तर गल्लीला माहीत. त्यांची स्वतःची युक्ती होती. न आवडणारी एक भाजी आणि न आवडणारा एक नातेवाईक घ्यायचा आणि जोडून टाकायचं. माणूस दोन्ही विसरत नाही आणि दोन्ही कुणाला सांगत नाही. मी क्षणाचा विचार न करता मोठ्याने म्हटलं, “पडवळ आणि वन्सं!” सगळी खोली हसली. सरांनी कपाळाला हात लावला. बदला म्हणाले. मी म्हटलं, “आता नाही बदलत. इथे परकं कोण आहे?” वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. हे भिंतीकडे तोंड करून उभे होते, त्यांचे नुसते खांदे हललेले दिसले मला.

ह्यांचं सांगायला हवं. कंपनी कायमची बंद झाली तसा हा माणूसही बंद झाला. माझ्याबरोबर खोलीत येऊन कापड बेतायचे, बटणं लावायचे, सगळं नीट, पण मुकाट्याने. तेवढ्यात कुणी निरोप आणला की त्याच बंद कंपनीच्या गेटवर वॉचमन हवा आहे. जागेची राखण करायला. जिथे ह्यांना लोक सलाम ठोकायचे त्याच गेटवर स्टूल टाकून बसायचं. हे म्हणाले, “बघू. महिनाअखेरपर्यंत तुझं ते आखाताचं काम झालं नाही तर जातो.”

आखाताचं काम म्हणजे असं. ठाण्यात लघुउद्योगांचं एक प्रदर्शन भरलं होतं. तिथे मी हॉटेलच्या स्वयंपाक्यांचे एप्रन आणि टोप्या मांडल्या होत्या. आखातातल्या एका मोठ्या हॉटेलवाल्यांच्या माणसाने नमुने नेले, मग तिथल्या खरेदीच्या मॅनेजरचं ई-मेल आलं, कापड पसंत आहे, शिवण पसंत आहे. भाव कळवले, तेही मान्य झाले. फक्त शेवटचं पक्कं पत्र यायचं होतं. ते आलं की वर्षभर पुरेल एवढं काम. मशिनी वाढवायच्या, चार बायका घ्यायच्या, आणि कापडाची सगळी बेतणी ह्यांच्या हाताखाली. मी प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवाल्यांना हे सगळं सांगितलं. कुणी विचारलं की सांगत होते. पोटात आनंद मावत नव्हता, काय करू?

आणि एका दुपारी फोन वाजला. मी मशिनवर होते, ह्यांनी उचलला. पलीकडून कच्छी ढंगाचं हिंदी, मला इथपर्यंत ऐकू येत होतं. इंटरनेटच्या ऑफिसमधून बोलतोय, तुमचं ई-मेल आजपासून बंद पडणार आहे, चालू ठेवायचं तर पासवर्ड पडताळून घ्यायचा आहे.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे चमकले. रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले, “सर!” मग फोनमध्ये, “सर, ओळखलं! पहिल्या वाक्याला ओळखलं! कच्छी शेठ आता जुना झाला हो. आणि पासवर्ड मला काय विचारता? तुमच्यासमोरच तर ठरला. पडवळ आणि आमची ताई, वन्सं! विसरलात एवढ्यात?” आणि हसले. अहो, किती दिवसांनी तो माणूस गडगडून हसला. मीही मशीन थांबवून हसत बसले. पलीकडचा माणूसही हसला, स्पेलिंग नीट विचारून घेतलं, थँक्यू म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. “या रविवारी चहा सरांचा,” हे म्हणाले आणि शीळ घालत कापड बेतायला लागले.

रविवारी हे ऐटीत चहा मागायला गेले तेव्हा सर म्हणाले, “कुठला फोन? मी नाही केला.” आम्हाला वाटलं, हाही खेळच. सरांचा चेहरा मात्र उतरला. घंटा तशीच टाकून ते उठले आणि खाली येऊन कॉम्प्युटर लावला. किरकिर संपेपर्यंत सगळे त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत राहिले. माझं ई-मेल उघडलं तर मॅनेजरचं पत्र आलेलं होतं. लेथवाल्यांनी मराठीत करून सांगितलं. ‘तुमचा कारखाना बंद पडल्याचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही सुचवलेल्या पार्टीशी आम्ही बोलणं सुरू केलं आहे. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभारी आहोत.’

माझ्या ई-मेलवरून, माझ्या नावाने, कुणीतरी माझा कारखाना बंद करून टाकला होता.

कुणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. प्रदर्शनातल्याच कुणाचं तरी काम, एवढं नक्की. पण चोराला शिव्या द्यायच्या तर तो समोर हवा ना? समोर सर होते. ह्यांना मी काय बोलणार होते? ते कोपऱ्यात बसले होते, खिशातली छोटी कात्री काढून उघडमीट करत, आणि पुन्हा बंद झाले होते. मी सरांना तोंडाला येईल ते बोलले. “तुमचा खेळ झाला आणि आमचा जीव गेला! माणसाला माणसाचा आवाज ओळखता येऊ नये असं करून ठेवलंत तुम्ही!” सर खाली मान घालून कॉम्प्युटरची तार काढत राहिले. काही म्हणाले असते तरी मी थांबले नसते.

त्याच संध्याकाळी हे खाकी कापडाचा तुकडा घेऊन आले. “वॉचमनचा शर्ट तूच शिव,” म्हणाले. “मापाचा तरी होईल.” मी ते कापड मशिनवर ठेवलं आणि मला दोरा ओवता येईना.

पुढच्या रविवारी मी बैठकीला गेले ती भांडण पुरं करायला. सर उभे राहिले. म्हणाले, आज मी स्वतःबद्दल बोलणार आहे. आणि बोलायला लागले, त्यांच्या स्वतःच्या आवाजात, खडखडत. किती वेळ लागला सांगता येत नाही. एवढंच म्हणाले, की कुलूप कसं लावायचं ते मी तुम्हाला शिकवलं, आणि दारावर कुणी आलं की हा आपलाच असेल असं समजायलाही मीच शिकवलं. चोराला दार फोडावं लागलं नाही. आता फोन बंद आणि बैठकही बंद.

कोळीणबाई म्हणाल्या, “सर, बसा आता. चोर ऱ्हायला बाजूला न् तुमीच कशाला कान पकरता?” बाकीचेही तसंच काहीबाही म्हणाले. मला दया आली नाही. खरं सांगते, मला खाकी कापड दिसत होतं.

लेथवाल्यांनी पासवर्ड बदलून माझ्या वतीने खुलासा पाठवला होता, त्याला आठवडाभर उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी एकटीच स्टेशनजवळच्या बूथवर गेले आणि आखातात फोन लावला. घरच्या फोनवरून परदेश लागत नव्हता. मॅनेजर निघाले दापोलीकडचे, वीस वर्षं तिकडे, पण मराठी स्वच्छ. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, तुमच्याच पत्त्यावरून पत्र येतं, कारखाना बंद. आता तुम्ही म्हणता चालू. मी कुठलं खरं धरू? तुम्हाला ओळखणारं कोणी आहे तिथे?”

“माझे मिस्टर आहेत.”

“मिस्टर तर म्हणणारच. जागा कोणाची आहे? त्या मालकाला बोलू दे माझ्याशी. दुपारपर्यंत. मग मी सही करतो, इकडे किंवा तिकडे.”

आता काय करता? ज्यांचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्यांच्याच दारात जावं लागलं. शनिवार नव्हता तरी सर पाटी घासत बसले होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. ते उठले, हात धुतले, सदरा बदलला आणि माझ्याबरोबर निघाले. वाटेत मी म्हटलं, “सर, वेळ थोडा आहे आणि माणूस घाईतला आहे. तुमचा तो पुण्याचा प्रोफेसर आहे ना, तो आवाज लावा. छान बोलतो तो. एकदाच लावा, माझ्यासाठी.”

सर रस्त्यात थांबले. नाही म्हणाले. मला आवाज काढून तुमची खात्री देता येणार नाही.

“अहो, तत्त्वं मग सांभाळा! त्यांनी ठेवून दिला फोन तर?”

“ठे-ठेवला तर ठेवला.”

बूथची काचेची केबिन एका माणसापुरती. आम्ही दोघं त्यात कोंबून उभे राहिलो. फोन लागला. सरांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. “म-म-म...” ‘मी’, एवढाच शब्द म्हणायचा होता. तो येईना. मान ताठ झाली, डोळे मिटले, कपाळावर घाम. बाहेर मीटर पळत होता, बूथवाला काचेतून बघत होता. मला त्यांच्या हातातून फोन ओढून घ्यावासा वाटला. मधेच शब्द पुरवावासा वाटला. मी पदर तोंडात धरून उभी राहिले.

आणि पलीकडचा माणूस थांबला. फोन ठेवला नाही त्याने, शब्दही पुरवला नाही. ऐकत राहिला. सर बोलत गेले. ही बाई माझ्या मागच्या खोलीत इतकी वर्षं शिवते. सकाळी मशीन सुरू होते, दिवे लागल्यावर बंद होते. आज सकाळीही चालू होती. एक टाका चुकला तर पुरा एप्रन उसवते, मी पाहिलं आहे. स्वभावाने भयंकर आहे, मला पुष्कळ बोलली आहे. जे बोलली ते बरोबर होतं. तिचं कुलूप माझ्यामुळे उघडलं. शिक्षा मला द्या, तिला देऊ नका. एवढं सांगायला त्यांना जो वेळ लागला, तेवढ्यात मी मनात दहादा रडून घेतलं. सरांसाठी रडत होते की ह्यांच्यासाठी, मला कळत नव्हतं.

मग ते थांबले, ऐकलं, आणि रिसीव्हर माझ्याकडे केला. “तु-तुमच्याशी बोलायचंय.”

मी फोन कानाला लावला. मॅनेजर म्हणाले, “बाई, पत्र आजच पाठवतो. पासवर्ड बदलला ना? बरं. माल वेळेवर द्या.” मी आभार मानायला लागले तर म्हणाले, “माझे नको. त्यांचे माना. रोज मला गोड बोलणारे पन्नास जण फोन करतात. फसवणारा माणूस बोलायला एवढे कष्ट घेत नाही.”

फोन ठेवला. ह्यांना वॉचमन व्हावं लागणार नव्हतं. मी काचेला टेकून उभी राहिले. सर माझ्या तोंडाकडे बघत होते. सदरा पाठीला चिकटला होता. त्यांना वाटलं, काम बिघडलं. जन्मभर त्यांना तेच वाटत आलं असणार, तोंड उघडलं की काम बिघडतं.

“काय म्ह-म्हणाले?”

“पत्र आजच पाठवतो म्हणाले. आणि म्हणाले, फसवणारा माणूस बोलायला एवढे कष्ट घेत नाही.”

सरांनी चष्मा काढला. बाहेर रांगेतला एक जण काचेवर टकटक करायला लागला, “ओ काका, झालं का? आमालापण घाई आहे.” सरांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“पु-पु-पुन्हा सांगा,” ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.